इन्स्ट्रक्शनल डिझायनरला लर्निंग अ‍ॅनालिटिक्स किती यायला पाहिजे, आणि सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की काही वर्षं तुम्ही इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणून, म्हणजे कोर्स कसा शिकवायचा याची रचना ठरवणारी व्यक्ती म्हणून, स्टोरीलाइन आणि राइज या ऑथरिंग टूलमधे, म्हणजे ऑनलाइन कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमधे, कोर्स बनवताय, आता वरून अपेक्षा वाढल्यात, प्रत्येक कोर्सनंतर डेटा दाखवा, डॅशबोर्ड द्या असं चाललंय, आणि तुम्हाला ठरवता येत नाहीये की आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी, पॉवर बीआय हे डॅशबोर्डचं टूल शिकावं का सरळ एखादा सर्टिफिकेट कोर्स करून टाकावा.

माझं उत्तर असं की यातलं काहीच पहिलं नाही. पहिलं शिकायचं ते हे, की कोर्स बनवायला घ्यायच्या आधी ठरवता आलं पाहिजे की या कोर्समधून कुठला पुरावा बाहेर पडणार आणि तो बघून कोण काय निर्णय घेणार. डेटा सायंटिस्ट कितीही हुशार असला तरी कोर्सने जे नोंदवलंच नाही ते त्याला काढून देता येत नाही, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि आडात काय असणार हे ठरवतो इन्स्ट्रक्शनल डिझायनर, दुसरं कोणी नाही. कुठल्या क्षणी लर्नरला निर्णय घ्यायला लावायचा, पर्याय कुठले ठेवायचे, किती वेळा प्रयत्न करू द्यायचा, हे सगळं तुम्ही स्टोरीबोर्डमधे, म्हणजे कोर्सच्या स्क्रीननिहाय आराखड्यात, लिहिता आणि तिथेच डेटाचा दर्जा ठरून जातो. म्हणून मी याला डिझाइनचंच कौशल्य मानतो, टूल नंतर येतात.

लर्निंग अ‍ॅनालिटिक्सची जी व्याख्या सगळे वापरतात ती २०११ सालच्या पहिल्या लर्निंग अ‍ॅनालिटिक्स परिषदेच्या वेळची, कॅनडात बॅन्फला झाली होती ती. त्यात दोन भाग आहेत, लर्नर आणि त्यांच्या परिस्थितीबद्दलचा डेटा मोजणं, गोळा करणं, तपासणं, रिपोर्ट करणं हा एक, आणि हे सगळं कशासाठी तर शिकणं आणि शिकण्याची जागा समजून घेऊन सुधारण्यासाठी हा दुसरा. आपल्याकडे येणारे बहुतेक डॅशबोर्ड पहिल्या भागापाशीच थांबतात. किती जणांनी उघडला, किती जणांनी संपवला, सरासरी स्कोअर किती, झालं. त्यावरून कोर्समधे काय बदलायचं हे कोणालाच सांगता येत नाही.

तर मग करायचं काय? किक-ऑफ मीटिंगमधे स्टेकहोल्डरला, म्हणजे ज्याने कोर्स मागितलाय त्याला, एक प्रश्न विचारायची सवय लावा. समजा डॅशबोर्ड तयार आहे आणि हा आकडा कमी आला, तर तुम्ही काय कराल? आणि जास्त आला तर? दोन्हीचं उत्तर सारखंच असेल तर तो आकडा गोळा करण्यात अर्थ नाही. हा प्रश्न ऐकून बरेच लोक पहिल्यांदा अडखळतात, पण दहा मिनिटं नीट बोललं की खरे निर्णय बाहेर येतात. उदाहरणार्थ कस्टमर सपोर्टच्या नव्या लोकांसाठी रिफंड प्रक्रियेचा कोर्स आहे. खोदून विचारलं की कळतं, टीम लीडला खरं तर ठरवायचंय की कोणाला लाइव्ह कॉल द्यायचे आणि कोणाला अजून आठवडाभर कोणासोबत तरी बसवायचं. या निर्णयाला कोर्स संपवल्याचा टिक उपयोगाचा नाही, एकूण स्कोअरही फारसा नाही, त्याला हवंय की माणूस प्रक्रियेच्या कुठल्या पायरीवर चुकतो. म्हणजे प्रत्येक पायरीसाठी वेगळा सिनॅरिओ, म्हणजे प्रसंग देऊन विचारलेला प्रश्न, लागणार आणि त्याचा निकाल वेगळा नोंदवला जायला पाहिजे. बघा, डिझाइनच बदललं. दुसरा निर्णय असू शकतो की अनुभवी लोकांना हा कोर्स द्यायचा का नाही, आणि त्याचं उत्तर फक्त प्री-टेस्ट, म्हणजे कोर्सच्या आधी घेतलेली चाचणी, देऊ शकते. प्री-टेस्ट नसेल तर शेवटचा ९० टक्के स्कोअर कोर्समुळे आला का लोकांना आधीपासूनच येत होतं, हे कोणाला कधीच सांगता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि इथेच खरं घोडं पेंड खातं. तुमचा कोर्स नेमकं काय नोंदवतो हे तुम्हाला आतून माहीत पाहिजे. बऱ्याच ठिकाणी अजून स्कॉर्म १.२ चालू आहे, कोर्सने एलएमएसला, म्हणजे कोर्स चालवून नोंदी ठेवणाऱ्या सिस्टीमला, काय कळवायचं ते ठरवणारं २००१ सालचं स्टँडर्ड. त्यात कोर्सच्या स्थितीसाठी एकच खाना आहे, लेसन स्टेटस, आणि त्यात पास्ड, फेल्ड, कम्प्लीटेड, इनकम्प्लीट, ब्राउज्ड, नॉट अटेम्प्टेड यातलं कुठलंतरी एकच मूल्य बसतं. म्हणजे माणसाने कोर्स पूर्ण केला पण नापास झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खाना मात्र एक. पब्लिश करताना तुम्ही पास्ड-इनकम्प्लीट निवडलं असेल तर नापास झालेला आणि अर्ध्यात सोडून गेलेला रिपोर्टमधे सारखेच दिसतात. या दोघांवर करायचे उपाय पूर्णपणे वेगळे, एकाला शिकवण्याची अडचण आहे, दुसऱ्याला वेळेची किंवा गरजेची. स्कॉर्म २००४ मधे पूर्ण झालं का आणि पास झाला का हे दोन खाने वेगळे केलेत, त्यामुळे तुमचं एलएमएस ते नीट चालवत असेल तर तेवढ्यासाठी तरी बदलून बघा.

तसंच प्रत्येक प्रश्नाचं उत्तर. स्कॉर्म १.२ मधे प्रश्ननिहाय उत्तरं पाठवायची सोय आहे, पण ती साठवणं एलएमएसवर बंधनकारक नाही. काही साठवतात, काही नाही, काही साठवतात पण रिपोर्टमधे दाखवत नाहीत. त्यामुळे नवा एलएमएस हातात आला की मी सगळ्यात आधी तीन प्रश्नांचा टेस्ट कोर्स चढवतो, मुद्दाम चुकीची उत्तरं देतो, मधेच बंद करतो, परत उघडतो, दुसऱ्या प्रयत्नात पास होतो, आणि मग अ‍ॅडमिनकडून कच्ची फाइल मागवून बघतो की यातलं काय काय पोचलं. अर्ध्या तासाचं काम आहे. यातून अशा गोष्टी कळतात ज्या कुठल्याही मॅन्युअलमधे सापडत नाहीत, उदाहरणार्थ पहिला प्रयत्न राहतो का शेवटचाच राहतो का सगळ्यात जास्त मार्कांचाच राहतो. प्रयत्न अमर्याद असतील आणि रिपोर्टमधे सर्वोच्च स्कोअर येत असेल तर तो आकडा माणसाची चिकाटी मोजतोय, समज नाही. पहिल्या प्रयत्नाचं उत्तर मिळालंच पाहिजे, त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा.

वेळेबद्दल एवढंच सांगतो की सेशन टाइमवर भरवसा ठेवू नका. टॅब उघडा ठेवून माणूस जेवायला गेला तरी घड्याळ चालूच असतं. वेळ वापरायचाच असेल तर सरासरी नको, मीडियन, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, बघा, आणि तेही दोन टोकं ओळखायला, म्हणजे वीस मिनिटांचा कोर्स दोन मिनिटांत संपवणारे किती आहेत वगैरे.

एक्सएपीआय हे स्कॉर्मनंतरचं स्टँडर्ड २०१३ साली आलं, त्याने नोंदवण्याची मोकळीक दिली. कोण, काय केलं, कशावर, म्हणजे अ‍ॅक्टर, व्हर्ब, ऑब्जेक्ट अशी वाक्यं लर्निंग रेकॉर्ड स्टोअरमधे, म्हणजे अशा नोंदींच्या साठ्यात, जातात, सोबत निकाल आणि संदर्भही जोडता येतो. एलएमएसच्या बाहेरचं, मोबाइल अ‍ॅपमधलं, सिम्युलेटरमधलं सगळं नोंदवता येतं. पण मोकळीक आली की गोंधळ येतो. एका डिझायनरने सिनॅरिओ संपल्यावर कम्प्लीटेड पाठवलं, दुसऱ्याने फिनिश्ड पाठवलं, तिसऱ्याने प्रत्येक स्लाइडवर एक्सपीरिअन्स्ड पाठवलं, आणि सहा महिन्यांनी कोणाच्याच डेटाची कोणाशी तुलना होत नाही. म्हणून टीममधे एक साधी शीट ठेवा, कुठली कृती कुठल्या व्हर्बने नोंदवायची, प्रश्नांच्या आयडी कशा द्यायच्या, कुठला प्रश्न कुठल्या उद्दिष्टाला जोडलेला आहे. आयडीचं महत्त्व लोकांना उशिरा कळतं. ऑथरिंग टूल आपोआप आयडी देतं तेव्हा त्यात बऱ्याचदा सीन आणि स्लाइडचा क्रमांक असतो, तुम्ही मधे एक स्लाइड घातली आणि परत पब्लिश केलं की तोच प्रश्न वेगळ्या आयडीने यायला लागतो आणि जुना-नवा डेटा तुटतो. उद्दिष्टाचा कोड आणि प्रश्नाचा कोड मिळून स्वतःची आयडी ठेवता येत असेल तर ठेवा. नसेल तर निदान कुठली जुनी आयडी म्हणजे कुठली नवी याची नोंद ठेवा.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते, आयटम अ‍ॅनालिसिस. एकच अ‍ॅनालिटिक्स कौशल्य शिकायला वेळ असेल तर हे शिका. जुनी पद्धत आहे, परीक्षा घेणाऱ्या संस्था कित्येक दशकं वापरतायत, एक्सेलमधे होते, आणि तरी कॉर्पोरेट कोर्समधे ती फारच कमी लोक करतात. दोन आकडे काढायचे असतात. पहिला, किती टक्के लोकांनी प्रश्न बरोबर सोडवला, त्याला फॅसिलिटी म्हणतात. दुसरा, ज्यांचा एकूण स्कोअर चांगला आहे तेच लोक हा प्रश्न बरोबर सोडवतायत का, त्याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. सोप्या पद्धतीत सगळ्यांना एकूण स्कोअरने लावायचं, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्यायचे, आणि वरच्या गटातल्या बरोबर उत्तरांतून खालच्या गटातली वजा करून गटाच्या संख्येने भागायचं. मूडल या एलएमएसमधे क्विझच्या स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमधे हे दोन्ही प्रकारचे आकडे आयतेच मिळतात.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. गोपनीयतेच्या कोर्समधला प्रश्न आहे, कॉलर दुसऱ्या माणसाच्या अकाउंटची माहिती मागतोय, तुम्ही पहिल्यांदा काय कराल. बरोबर उत्तर म्हणून ठेवलंय, माहिती द्यायला नकार द्या. १०० जणांनी सोडवला, ५० जणांचं बरोबर आलं. फक्त एवढंच बघितलं तर वाटेल मध्यम अवघड प्रश्न आहे, ठीक आहे, पुढे जाऊ. आता गट पाडून बघा. वरच्या २७ जणांपैकी बरोबर १०, खालच्या २७ पैकी बरोबर १६. वजा सहा भागिले सत्तावीस, म्हणजे साधारण उणे ०.२२. ज्यांना विषय चांगला येतो तेच चुकतायत! आता पर्यायनिहाय उघडून बघायचं. वरच्या गटातल्या १५ जणांनी निवडलाय दुसराच पर्याय, कॉलरला त्या अकाउंटची माहिती घ्यायचा अधिकार आहे का ते आधी तपासा. खालच्या गटात हा पर्याय फक्त पाच जणांनी घेतलाय.

इथे कळतं काय झालंय. विषय नीट समजलेल्या लोकांना माहितीये की अकाउंटधारकाने कोणाला अधिकृत केलेलं असू शकतं, म्हणून ते आधी तपासतात, आणि ते बरोबरच करतायत. नुसतं गोपनीयता म्हणजे नाही म्हणायचं एवढं पाठ झालेले लोक नकार देतात आणि त्यांना मार्क मिळतात. दोष प्रश्नात आहे, लर्नरमधे नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फीडबॅकमधे कोर्स हुशार माणसाला सांगतोय की तू चुकलास. दुरुस्ती छोटी आहे, प्रश्नात लिहायचं की तपासलं आहे आणि कॉलरचं नाव अधिकृत यादीत नाही, मग विचारायचं पुढे काय. किंवा उलट, अधिकार तपासणं हेच बरोबर उत्तर करायचं. कुठलं करायचं ते एसएमईशी, म्हणजे विषयतज्ज्ञाशी, बोलून ठरवा, पण बोलायला जाताना हा पर्यायांचा तक्ता घेऊन जा. नुसतं मला हा प्रश्न थोडा संदिग्ध वाटतो असं म्हटलं तर एसएमई ऐकून घेतो आणि विसरतो, तक्ता समोर ठेवला की चर्चा होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी यात. लोक वीस-पंचवीस असतील तर हे आकडे एक-दोन माणसांनी इकडे तिकडे होतात, तेव्हा त्यावरून प्रश्न उडवू नका, फक्त खूण करून ठेवा आणि पुढच्या बॅचचा डेटा येऊ द्या. आणि ९८ टक्के लोकांना आलेला प्रश्न वाईट असतोच असं नाही. डिस्क्रिमिनेशन ही कल्पना लोकांमधे फरक दाखवणाऱ्या परीक्षांतून आली, सेफ्टीच्या कोर्समधे आपल्याला फरक नकोच आहे, सगळ्यांना आलंच पाहिजे. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा, की प्री-टेस्टमधे हाच प्रश्न किती जणांना येत होता. आधीही ९८ आणि नंतरही ९८ असेल तर तो भाग शिकवायची गरज नव्हती.

चुकीच्या पर्यायांकडे बघायला शिका, डिझायनरसाठी सगळ्यात उपयोगी माहिती तिथे असते. कोणीच न निवडलेला पर्याय फुकट गेला, बदला. एकाच चुकीच्या पर्यायावर ४० टक्के लोक गेले असतील तर तो निष्काळजीपणा नाही, ती एक ठराविक गैरसमजूत आहे, आणि त्या पर्यायाचा फीडबॅक म्हणजे तुम्हाला ती गैरसमजूत दूर करायची मिळालेली जागा आहे. तिथे फक्त चूक, पुन्हा प्रयत्न करा असं लिहिलेलं बघितलं की मला फार वाईट वाटतं, कारण नेमकं त्याच क्षणी तो माणूस ऐकायला तयार असतो.

पुढचं कौशल्य म्हणजे टक्केवारीच्या खाली काय आहे ते विचारणं. ९२ टक्के पास, कोणापैकी? ज्यांनी क्विझ दिली त्यांच्यापैकी, का कोर्स सुरू केला त्यांच्यापैकी, का ज्यांना नेमून दिला त्या सगळ्यांपैकी? ३०० जणांना नेमून दिला, १५० जणांनी क्विझ दिली, त्यातले १३८ पास झाले, तर तुमचे ९२ टक्के खरे पण निम्म्या लोकांबद्दल तुम्हाला काहीच माहिती नाही. आणि गळलेले लोक क्वचितच राहिलेल्यांसारखे असतात.

यातून मोठमोठे प्रकल्पही सुटलेले नाहीत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची कोर्स सिग्नल्स नावाची सिस्टीम होती, २००७ च्या सुमाराची, विद्यार्थ्यांना मागे पडायचा धोका किती आहे ते सिग्नलसारख्या लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांनी दाखवायची, आणि ज्यांनी असे दोन किंवा जास्त कोर्स घेतले ते विद्यापीठात जास्त टिकून राहिले असा दावा फार गाजला. २०१३ मधे लोकांनी त्यावर बोट ठेवलं की जो विद्यार्थी पहिल्याच वर्षी सोडून गेला त्याला दुसरा सिग्नल्स कोर्स घ्यायची संधीच कुठे मिळाली? म्हणजे सिग्नल्समुळे टिकले का टिकले म्हणून जास्त सिग्नल्स कोर्स झाले? अल्फ्रेड एसा यांनी एक सिम्युलेशन करून दाखवलं, सिग्नल्सच्या जागी मुलांना नुसती चॉकलेटं वाटली असं धरलं तरी तसाच निकाल दिसतो. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या डिझायनरला सांगतो, कारण ऐच्छिक कोर्स केलेल्यांचा परफॉर्मन्स जास्त आहे, म्हणजे कोर्स प्रभावी आहे, हे वाक्य आपल्या रिपोर्टमधे हमखास येतं आणि त्यात हीच गफलत असते. जे स्वतःहून कोर्स करतात ते आधीपासूनच वेगळे असतात. तुलना करायचीच असेल तर कोर्स टप्प्याटप्प्याने लाँच करा, कोणत्या टीमला आधी आणि कोणाला नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, मधल्या काळात दोन्हींचं काम बघा. महागडं काही नाही, फक्त लाँचच्या आधी सुचलं पाहिजे.

कधी मोजायचं हाही डिझाइनचाच निर्णय आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग आहे, एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, साधारण ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर उलटं, वाचणारे ४० वर आले आणि आठवणारे ६१ वर. विचार करा, आपण जवळजवळ सगळ्या कोर्सची क्विझ शेवटच्या स्लाइडनंतर लगेच घेतो, म्हणजे त्या पाच मिनिटांच्या बाजूला उभे राहून कुठलं डिझाइन चांगलं ते ठरवतो. दोन-तीन आठवड्यांनी चार प्रश्नांचा एक छोटा मेल पाठवला तरी चित्र बदलतं. सगळ्यांना नको, काही जणांना पाठवा.

फीडबॅक फॉर्मचंही तसंच आहे. हार्वर्डमधे फिजिक्सच्या वर्गांवर २०१९ मधे आलेल्या अभ्यासात असं दिसलं की अ‍ॅक्टिव्ह लर्निंगच्या वर्गातली मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. मेहनत पडली की माणसाला वाटतं जमत नाहीये. म्हणून कोर्स आवडला का यापेक्षा, यातलं काय तुम्ही येत्या आठवड्यात वापरणार आहात आणि कशामुळे अडेल असं वाटतं, हे विचारा, त्यातून काहीतरी करता येतं.

व्हिडिओच्या डेटाबद्दल थोडक्यात. सहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ नको हा नियम सगळीकडे सांगतात, तो आला एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या २०१४ च्या अभ्यासातून, ६९ लाख व्हिडिओ सेशन बघितली होती त्यांनी. पण त्यात मोजलं होतं लोक किती वेळ बघतात आणि नंतरचा प्रश्न सोडवायला घेतात का ते. किती शिकले हे त्यात नाही. तुमच्या व्हिडिओत एका जागी लोक परत परत मागे जात असतील तर त्याचा अर्थ तो भाग कठीण आहे असाही होतो आणि फार कामाचा आहे असाही होतो, नुसत्या क्लिकवरून हे ठरत नाही. त्याच भागावरच्या प्रश्नाचा निकाल शेजारी ठेवा, किंवा तीन लर्नरना फोन करून विचारा. फोन करणं हेही अ‍ॅनालिटिक्सच आहे असं मी मानतो, लोक त्याला कमी समजतात.

आता टूल. एक्सेल आधी, आणि नीट. पिव्हट टेबल, लुकअप, काउंटइफ्स, आणि डेटा साफ करणं, एकाच माणसाच्या दोन आयडी, रिकामे खाने, तारखांचे घोळ. खऱ्या कामातला बराच वेळ यातच जातो. त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा, पायथनच्या आधी. कारण तुम्हाला डेटा काढायला दुसऱ्याकडे हात पसरावा लागत नाही आणि डेटा टीमशी त्यांच्या भाषेत बोलता येतं. एसक्यूएलमधे लेफ्ट जॉइन आणि इनर जॉइन यातला फरक जीव लावून समजून घ्या. नेमून दिलेल्यांची यादी आणि क्विझचे निकाल इनर जॉइनने जोडले की क्विझ न दिलेले लोक गुपचूप गायब होतात, एरर येत नाही, काही नाही, आणि मघाचे ९२ टक्के तयार होतात. लेफ्ट जॉइनने ते रिकामे खाने घेऊन यादीत राहतात.

सरावाला डेटा कुठून आणायचा हा प्रश्न येणारच. ओपन युनिव्हर्सिटी, ब्रिटनमधली, तिने ओयूएलएडी नावाचा डेटासेट सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, ३२,५९३ विद्यार्थी, नावं काढून टाकलेली. त्यात कोणी कोर्स पास केला, नापास झालं, सोडून गेलं ते आहे, असाइनमेंटचे मार्क आहेत आणि ऑनलाइन मटेरियलवरच्या रोजच्या क्लिकची नोंद आहे. ही क्लिकची फाइल १ कोटी ६ लाखांहून जास्त ओळींची आहे, एक्सेलच्या एका शीटमधे १०,४८,५७६ ओळीच मावतात, त्यामुळे एसक्यूएल का लागतं हे आपोआप कळतं. पहिला सराव म्हणून एवढंच करा, पहिल्या दोन आठवड्यांतले क्लिक काढा आणि शेवटच्या निकालानुसार गट पाडून मीडियन बघा. करताना लक्षात येईल की तारखा कोर्स सुरू झाल्यापासूनच्या दिवसांत आहेत आणि काही उणे आहेत, कारण मटेरियल आधीच उघडलं होतं. ते दिवस धरायचे का नाही? एकही क्लिक नसलेल्यांना शून्य धरायचं का? कोर्स सुरू व्हायच्या आधीच नाव काढून घेतलेल्यांचं काय? हे निर्णय घेताना आणि लिहून ठेवताना जे शिकाल ते कुठल्या ट्यूटोरियलमधे नाही.

पॉवर बीआय किंवा टॅब्लो कंपनीत जे असेल ते शिका, महिन्याभरात कामापुरतं येतं. पायथन सगळ्यात शेवटी, तेच तेच काम दर आठवड्याला करावं लागायला लागलं किंवा मोकळ्या उत्तरांचा ढीग वाचायला लागला तर. मशीन लर्निंग मॉडेल बनवणं हे आपलं काम नाही, पण कोणी बनवून आणलं तर ते कुठल्या लोकांच्या डेटावर शिकलंय आणि चुकीचा लाल दिवा लागलेल्या माणसाचं पुढे काय होणार, हे विचारता आलं पाहिजे.

प्रायव्हसीबद्दल माझं मत ठाम आहे. लर्नरला सांगा काय नोंदवताय आणि कोण बघणार. युरोपमधले लर्नर असतील तर २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक डेटाबद्दलचा कायदा लागू आहेच, पण कायदा नसता तरी सांगायला पाहिजे होतं. पाच-सात जणांच्या टीमची सरासरी दाखवू नका, त्यातून माणूस ओळखू येतो. आणि सरावाचे प्रयत्न मॅनेजरला कधीच दाखवू नका. एकदा लोकांना कळलं की सिनॅरिओमधली चूक वर दिसते, की ते चुका करून बघणं थांबवतात, शेजारच्याला विचारून उत्तरं भरतात, आणि मग तुमचा सरावही गेला आणि डेटाही गेला. सराव आणि मूल्यमापन यांची नोंद वेगळी ठेवा, आणि लर्नरला स्क्रीनवर लिहून दाखवा की हा भाग फक्त तुमच्यासाठी आहे.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर अभ्यासक्रम उघडून बघा. त्यात कच्चा डेटा हातात देऊन साफ करायला लावतात का, आयटम अ‍ॅनालिसिस आहे का, एखादा निष्कर्ष खोडून काढायला लावतात का. नुसत्या डॅशबोर्डच्या डेमो असतील तर पैसे वाचवा. त्यापेक्षा तुमचाच एखादा चालू कोर्स घ्या, ज्याला निदान शंभरेक लोकांचे प्रश्ननिहाय निकाल आहेत, त्यातले सगळ्यात कमी डिस्क्रिमिनेशनचे तीन प्रश्न काढा, पर्यायनिहाय बघा, एसएमईसोबत बसून बदला, आणि पुढच्या बॅचचे आकडे शेजारी ठेवून एक पान लिहा, आधी काय होतं, काय बदललं, का बदललं, नंतर काय झालं. कंपनीची आणि लोकांची नावं काढून ते पान पोर्टफोलिओत ठेवा. इंटरव्ह्यू घेताना मी असं पान मागतो, आणि ज्याच्याकडे ते असतं त्याच्याशी बोलायला मला डॅशबोर्डच्या स्क्रीनशॉटपेक्षा कितीतरी जास्त विषय मिळतात. तुमच्या एलएमएसमधून प्रश्ननिहाय निकाल निघतच नसतील तर तीन प्रश्नांच्या टेस्ट कोर्सपासून सुरू करा आणि अ‍ॅडमिनकडून काय मिळालं ते इथे सांगा, पुढचं त्यावरून बघू.